जुन्या फॉन्टमधल्या फाइली कशा वाचवल्या
आमच्या ऑफिसात आस्थापनेची जुनी पत्रं सगळी आयएसएम या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरवर टाइप केलेली, 'सुरेख' नावाच्या फॉन्टात. नवीन कॉम्प्युटर आले आणि फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं न् चिन्हं, सर्च तर विसराच. एका रिटायर झालेल्या शिपायाच्या पेन्शनसाठी जुना आदेश हवा होता, बिचारे चार वेळा येऊन गेले, तेव्हा ठरवलं की हे आता करायचंच.

आधी जुन्या मशीनवरनं तो फॉन्ट कॉपी करून टाकला, लगेच वाचता आलं. पण सर्च व्हायला युनिकोडच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची सर्वमान्य पद्धत पाहिजे, म्हणून कन्व्हर्टरमधून काढलं. इथं घाई करू नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोबर उलटं, त्यामुळे 'कर्मचारी', 'वार्षिक' असले शब्द हमखास बिघडतात. मी प्रत्येक आदेश कागदी प्रतीशी ताडून पाहिला, नावं आणि तारखा तर दोनदा. मूळ फाइल डिलीट केली नाही, वेगळ्या फोल्डरात तशीच ठेवली.

फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग विषय. फोल्डर अभिलेख कक्षासारखेच, 'अ' वर्ग कायमचे जपायचे, 'ब' 30 वर्षं ठेवायचे वगैरे. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 मध्येच लिहिलंय की अभिलेख सूचीबद्ध पाहिजेत, शक्य तिथं संगणकावर पाहिजेत.

त्या काकांचा आदेश दुसऱ्या दिवशीच सापडला, प्रिंट मी स्वतः हातात दिली.