मोफत वकील आणि अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार : या चुका टाळा

मोफत वकील फक्त दारिद्र्यरेषेखालील लोकांना मिळतो, असे गृहीत धरून अनेकजण जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे फिरकतच नाहीत. वास्तविक १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच लागू नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडेही करता येतो आणि प्राथमिक माहिती १५१०० या क्रमांकावर मिळते. नेमून दिलेल्या वकिलाने फी मागितल्यास ती देऊ नये. प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवावे.

तक्रारीच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी लाच देऊन काम उरकून घेणे आणि मग दाद मागणे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर पैसे देण्यापूर्वीच संपर्क साधावा, कारण मागणीची पंचांसमक्ष पडताळणी झाल्यावरच सापळा रचता येतो, आणि लाच मागितल्याचे सिद्ध झाले नाही तर नुसत्या सापडलेल्या नोटांवर खटला टिकत नाही. दबावाखाली पैसे दिले गेलेच असतील, तर सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे तक्रार करावी; भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि ही मुदत पाळणाऱ्यालाच त्यातून सूट मिळते. ही अट फारच थोड्यांना ठाऊक असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लाच मागितलेली नाही, केवळ दाखला अडकला आहे, अशा वेळी भ्रष्टाचाराचा आरोप करू नये. सेवा अधिसूचित, म्हणजे सरकारने मुदतीसह जाहीर केलेल्या यादीत असेल, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली त्याच विभागात प्रथम आणि द्वितीय अपील, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे अपील, असा सरळ मार्ग आहे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडही होऊ शकतो. मात्र अर्जाची पोच नसेल, तर सेवा देण्याची मुदत कधी सुरू झाली हेच दाखवता येत नाही, म्हणून आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

मुख्यमंत्र्यांपासून तलाठ्यापर्यंत सर्वांना एकच संतप्त अर्ज पाठवणे हीदेखील चूकच, कारण प्रत्येक कार्यालय तो दुसऱ्याकडे वर्ग करून मोकळे होते. एकाच सक्षम अधिकाऱ्याला तारीख, ठिकाण, पदनाम आणि नेमके कृत्य कळवावे. लोकायुक्तांकडे, म्हणजे गैरकारभाराच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या राज्याच्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जायचे असल्यास तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र आणि पुराव्याच्या प्रती जोडाव्यात.