मुलांना घेऊन एबल टास्मनच्या किनाऱ्यावर एक मुक्काम

न्यूझीलंडमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांसोबत पहिला मुक्कामी ट्रेक करायचा तर मी एबल टास्मन राष्ट्रीय उद्यानातली माराहाऊ ते अँकरेज हीच किनाऱ्यालगतची वाट सुचवेन. अंतर 12.4 किलोमीटर, मोठ्यांना साधारण चार तास. मुलांबरोबर मात्र अख्खा दिवस हाताशी ठेवा आणि सकाळी लवकर निघा. अँकरेजला ट्रेकर्सच्या मुक्कामासाठी हट, म्हणजे साधं निवासघर आहे; तिथल्या जागा आधी आरक्षित कराव्या लागतात, उन्हाळ्यासाठी तर खूपच आधी.

वाट रुंद आहे, चढ सौम्य आहे. खरी परीक्षा मुलांच्या कंटाळ्याची, म्हणून वाटेतल्या अ‍ॅपल ट्री बेच्या किनाऱ्यावर खाली उतरून त्यांना वाळूत मनसोक्त खेळू द्या. आमची धाकटी तिथे खेळली की पुढचं अंतर कुरकुर न करता चालते. खिशात चिक्की असू द्या. ती एकदम देऊ नका, वळणावळणाला एकेक तुकडा द्या.

हटमध्ये गाद्या असतात, पण शेगडी आणि भांडी नसतात. गॅसचा छोटा स्टोव्ह, एक पातेलं, तांदूळ आणि मेतकूट न्या. दमलेली मुलं गरम मेतकूट-भात पटकन खातात. स्लीपिंग बॅग, गरम कपडे आणि रात्री शौचालयाला जायला प्रत्येकाला हेडटॉर्च हवाच. सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या फार चावतात, तेव्हा पायमोजे आणि मलम सॅकमध्ये वरच ठेवा. वेका पक्षी बाहेरचं खाणं पळवतात. कचरा परत आणायचा.

अँकरेजच्या पुढे टोरंट बेपर्यंत जायचं असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. मधली खाडी ओहोटीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तासांतच ओलांडता येते. मुलं थकली तर परतीला वॉटर टॅक्सी घ्या, आधी बुक करून.