आयसीयूबाहेर बसून एबीजीचा रिपोर्ट कसा वाचावा

परळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात रात्री आयसीयूबाहेर चटई टाकून बसलेल्यांच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो, एबीजीच्या रिपोर्टचा. एबीजी म्हणजे आर्टेरियल ब्लड गॅस, धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारी तपासणी. तिच्यासाठी रक्त बहुधा मनगटाच्या धमनीतून काढतात. (शिरेपेक्षा इथे सुई जास्त दुखते, पेशंट कळवळला तर घाबरू नका.) आकडे बरेच असतात, पण सुरुवातीला तीनच पुरतात.

आधी पीएच, म्हणजे रक्त किती आम्लधर्मी ते. ७.३५ ते ७.४५ ठीक. त्याखाली ॲसिडोसिस (आम्ल वाढलंय), वर अल्कलोसिस (आम्ल कमी झालंय). फरक इवलासा वाटतो, पण ७.४ वरून ७.१ वर येणं म्हणजे रक्तातले हायड्रोजन आयन दुप्पट होणं.

मग पीसीओटू, म्हणजे रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, ३५ ते ४५. हा वायू साठला की रक्त आम्लधर्मी होतं. हा फुप्फुसांच्या ताब्यातला आकडा. तिसरा बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा रक्तातला क्षार, २२ ते २६. तो मूत्रपिंडं सांभाळतात.

आता दोषी शोधायचा. पीएच उतरलाय आणि पीसीओटू चढलाय, तर गडबड श्वासाची. पीएचबरोबर बायकार्बोनेटही उतरलंय, तर आम्ल दुसरीकडून आलंय. समजा, मधुमेह असलेल्या काकांचं इन्सुलिन चुकलं आणि रिपोर्ट आला: पीएच ७.२२, पीसीओटू २५, बायकार्बोनेट १०. रक्तात कीटोॲसिड (इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) साठली, ती झेलता झेलता बायकार्बोनेट खर्ची पडलं. काका भराभरा, खोल श्वास घेतायत, म्हणून घरचे म्हणतात दमा उठला. तसं नाही. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून फुप्फुसं तोल सावरतायत. ती काही मिनिटांत कामाला लागतात; मूत्रपिंडांना पुरती भरपाई करायला दोन-चार दिवस लागतात.

म्हणूनच नुसता पीएच बघून सुटकेचा श्वास टाकू नये. वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या आजोबांचा पीएच ७.३६ असेल, पण शेजारी पीसीओटू ६० आणि बायकार्बोनेट ३३. इथे सगळं ठीक नाही, मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट साठवून तो पीएच तोलून धरलाय.

अशा वेळी अल्कलाइन पाण्याची महागडी बाटली घेऊन येणारा एक तरी भाचा असतोच. ते पाणी जठरातल्या आम्लात निकाली निघतं, या तीन आकड्यांवर त्याचा उपयोग शून्य.

उपचार या वाचनावरून ठरवायचे नाहीत, डॉक्टरांना नेमकं विचारायचं. रिपोर्टवर वेळ छापलेली असते. सकाळचा आणि रात्रीचा कागद शेजारी धरा आणि राउंडला विचारा, "बायकार्बोनेट दहावरून चौदावर आलं, म्हणजे इन्सुलिन लागू पडतंय का?"