कन्सोलचे पैसे हार्डवेअरमधून वसूल होतात का, हे कसं ठरवायचं

पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन म्हणजे कन्सोल) महाग की स्वस्त यावर वाद घालायचा असेल तर आधी किंमत कुठली धरताय ते ठरवा, निम्मी भांडणं इथंच होतात. एकजण डॉलरची किंमत धरतो, दुसरा एमजी रोडच्या दुकानातली. डिस्कवाला पीएस५ नोव्हेंबर २०२० मधे अमेरिकेत ४९९ डॉलरला आला आणि आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मधे ४९,९९० रुपयांना, डॉलर तेव्हा ७३ च्या आसपास, म्हणजे साधारण साडेछत्तीस हजार झाले, मग वरचे तेरा हजार गेले कुठं? तर अमेरिकेतल्या किमतीत तिथला सेल्स टॅक्स धरलेला नसतो आणि आपल्याकडे तेव्हा कन्सोलवर १८ टक्के जीएसटी होता, वर कस्टम ड्युटी. हे पैसे खिशातून जातात हे खरं, पण ते हार्डवेअरच्या नावावर टाकू नका.

मग येते सुट्या पार्टची बेरीज. नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत कंपनीत असलेला एखादा मित्र लगेच मटेरियल कॉस्ट काढायला बसतो, आठ कोरचा एएमडी प्रोसेसर इतक्याचा, १६ जीबी मेमरी इतक्याची. काढू द्या, पण त्याला हे पण सांगा की या धंद्यात कंपन्या कन्सोल बऱ्याचदा तोट्यातच विकतात. ४९९ डॉलरचा पीएस५ आता तोट्यात जात नाही असं सोनीने सांगितलं ते थेट ऑगस्ट २०२१ मधे, म्हणजे त्याआधी जातच होता, आणि एक्सबॉक्सच्या विक्रीवर आम्ही कधीच नफा कमावला नाही असं मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने २०२१ मधे कोर्टात साक्ष देताना सांगितलंय. त्यामुळे "आत काहीच नाही, नुसतं लुटतात" हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. कंपनी पैसा काढते तो गेममधून आणि सबस्क्रिप्शनमधून, तिकडे भांडा, जरूर भांडा.

टेराफ्लॉपवर, म्हणजे ग्राफिक्स चिप सेकंदाला किती लाख कोटी गणितं करते त्या आकड्यावर, अडकू नका. एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२, पीएस५ चे १०.२८, आणि तरी बरेचसे गेम दोन्हीवर जवळपास सारखेच दिसतात, कारण एक्सबॉक्समधे कम्प्युट युनिट (चिपमधले गणितं करणारे भाग) ५२ असले तरी त्यांचा क्लॉक स्पीड १.८२५ गिगाहर्ट्झ आणि पीएस५ मधे ३६ च असले तरी तो २.२३ पर्यंत जातो, शिवाय पीएस५ ची एसएसडी (गेम साठवायची ड्राइव्ह) सेकंदाला ५.५ जीबी वाचते तर एक्सबॉक्सची २.४. एक आकडा बघून निकाल लावता येत नाही. हां, एक्सबॉक्सच्याच स्वस्तातल्या सिरीज एसच्या बाबतीत मात्र आकडा खरंच बोलतो, ४ टेराफ्लॉप आणि १० जीबी मेमरी, इथं मेमरीच कमी आहे आणि पुढच्या मोठ्या गेममधे तिचाच त्रास होतो. गेम साठवायच्या ५१२ जीबीमधले हाताशी येतात ३६४ च्या आसपास, तीन-चार मोठे गेम टाकले की संपलं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि वादात हेच कोणी विचारत नाही: घरात टीव्ही कुठला आहे? हॉलमधे जुना ३२ इंची असेल तर फोर-के (जास्त बारीक, स्पष्ट चित्र) साठी दिलेले पैसे तुम्हाला दिसणारच नाहीत. लोडिंग फटाफट होईल, गेम स्मूथ चालेल, पण चित्राचा फरक फारसा मिळणार नाही, आणि फोर-के मधे १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) हवं असेल तर टीव्हीला एचडीएमआय २.१ पोर्ट पण लागतं. म्हणून हिशोब कन्सोल अधिक टीव्ही असाच करा.

पीसीशी तुलना करायची तर प्रामाणिकपणे करा, ग्राफिक्स कार्डची किंमत सांगून गप्प बसू नका, कॅबिनेट, पॉवर सप्लाय, एसएसडी, विंडोज, कंट्रोलर सगळं लिहा, आणि कन्सोलवाल्याने पण ऑनलाइन खेळायला दरवर्षी भरावं लागणारं सबस्क्रिप्शन लिहावं, पीसीवर ते लागत नाही. पाच वर्षांचं लिहिलं की चित्र एकदम बदलतं. पोरगं त्याच मशीनवर प्रोजेक्ट आणि कोडिंग पण करणार असेल तर पीसी घ्या, मी स्वतः तेच सुचवतो.

डिस्क ड्राइव्हची गोष्ट वेगळी काढून बोला. सुरुवातीला डिजिटलवाला, म्हणजे डिस्क ड्राइव्ह नसलेला पीएस५, दहा हजाराने स्वस्त होता, ऐकायला भारी वाटतं, पण सोनीचे मोठे गेम तेव्हा नवे ४,९९९ ला होते आणि डिजिटल गेम परत विकता येत नाही. डिस्क मात्र खेळून झाली की मित्राला देता येते, सेकंडहँड घेता येते, त्यामुळे थोडे गेम झाले की तो दहा हजारांचा फरक भरून निघतो. हार्डवेअरमधला सगळ्यात साधा पार्ट हा, पण पैसे वाचवतो तोच.

राहिला बाहेरून मागवलेला माल. पीएस५ प्रो (पीएस५ चं वरचं मॉडेल) २०२४ मधे आला तेव्हा सोनीने भारतात काढलाच नाही, कारण त्यातल्या वायफायच्या ६ गिगाहर्ट्झ बँडला इथं परवानगी नव्हती, आणि निन्टेन्डो तर आपला स्विच कन्सोल आपल्याकडे अधिकृतपणे विकतच नाही. मशीन चांगली आहेत, पण दुकानदार सांगतो त्या भावात त्याचं मार्जिन आणि तुमची जोखीम दोन्ही आलं, बिघडलं तर कंपनी हात लावत नाही. घ्यायचंच असेल तर पक्कं बिल आणि दुकानाची वॉरंटी किती महिन्यांची ते त्यावर लिहून घ्या, तोंडी "मी बसलोय ना" वर पैसे देऊ नका.