मोठी कंपनी सोडायची आहे? रेसलरच्या तयारीची यादी

डब्ल्यूडब्ल्यूई ही अमेरिकी रेसलिंगमधली सगळ्यात मोठी कंपनी सोडून गेलेल्या कुणाचं नाव निघालं की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. ‘बिचारा संपला’ किंवा ‘बघा, बाहेर जाऊन कसा चमकला’. मधलं कुणी सांगत नाही. माझं मत विचाराल तर कोण संपणार आणि कोण तरणार याचा निकाल कंपनी सोडण्याच्या आसपासच्या तीन-चार महिन्यांतच लागलेला असतो. म्हणून ही यादी. उद्या बाहेर पडणाऱ्या रेसलरच्या हातात द्यावी अशीच लिहिली आहे. वाचणारे आपण प्रेक्षकच असणार, पण पुढचा कुणी बाहेर पडला की त्यानं यातलं काय केलंय हे ताडून बघायला बरं.

सगळ्यात आधी करार काढा, आणि पैशांचं पान सोडून शेवटची पानं वाचा. कंपनीनं मधेच सोडलं तर मुख्य रोस्टरवरच्या, म्हणजे मुख्य टीव्ही शोच्या यादीतल्या, माणसाला साधारण ९० दिवस पैसे मिळत राहतात, पण तेवढे दिवस दुसऱ्या कुणाच्या रिंगमध्ये पाय ठेवता येत नाही. एनएक्सटी या कंपनीच्या खालच्या शाखेतल्यांची हीच मुदत ३० दिवसांची. अ‍ॅलिस्टर ब्लॅकला २ जून २०२१ रोजी काढलं आणि ७ जुलैला तो मलाकाय ब्लॅक म्हणून एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीच्या टीव्हीवर हजर! मुख्य रोस्टरवर येऊनही त्याच्या करारात जुनी ३० दिवसांचीच अट राहून गेली होती. कंपनीच्या कागदपत्रांतली ही चूक त्याच्या पथ्यावर पडली.

त्याहून चांगलं म्हणजे करार संपू द्यावा. डीन अ‍ॅम्ब्रोजनं तेच केलं. ३० एप्रिल २०१९ ला त्याचा करार संपला, लगेच जॉन मॉक्सली या जुन्या नावानं त्याचा तुरुंग फोडून पळण्याचा व्हिडिओ आला, २५ मे रोजी तो लास व्हेगासमध्ये एईडब्ल्यूच्या पहिल्या मोठ्या शोमध्ये घुसला आणि ५ जूनला टोकियोच्या र्‍योगोकू कोकुगिकानमध्ये ज्यूस रॉबिन्सनला हरवून न्यू जपान या तिकडच्या मोठ्या कंपनीचा युनायटेड स्टेट्स बेल्ट (किताब) घेऊन मोकळा. असला व्हिडिओ काही एका रात्रीत होत नाही. कामाला आधीपासूनच लागावं लागतं.

उलट रागाच्या भरात ‘मला सोडा’ म्हणून बसलात तर सोडतीलच असं नाही. ल्यूक हार्परनं एप्रिल २०१९ मध्ये जाहीरपणे सुटका मागितली. कंपनीनं दुखापतीत गेलेला काळ करारात वाढवून घेतला आणि तो सुटला डिसेंबरात. नेव्हिल २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये उठून घरी गेला, तर त्याचा करार गोठवून ठेवला आणि सुटका झाली थेट ऑगस्ट २०१८ मध्ये. तो पॅक या नावानं जपानला ड्रॅगन गेट या कंपनीत परतला आणि डिसेंबरपर्यंत तिथला मुख्य किताब त्याच्याकडे होता हे खरं, पण वयाच्या ऐन भरातले दहा महिने गेलेच ना. तेव्हा तारीख तोंडपाठ हवी, आणि दुखापतीत घरी बसलेले महिने त्यात धरले आहेत की नाहीत हेही.

आता नाव. टीव्हीवर दहा वर्षं मिरवलेलं नाव बहुतेक वेळा तुमचं नसतं, कंपनीचं असतं. डडली बंधूंना २००५ मध्ये टीएनए या दुसऱ्या अमेरिकी कंपनीत गेल्यावर टीम ३डी व्हावं लागलं. अल्टिमेट वॉरियरनं तर १९९३ मध्ये सरळ कोर्टाकडून स्वतःचं नावच वॉरियर करून घेतलं. कोडी ऱ्होड्सची गोष्ट सगळ्यांत चमत्कारिक. बाप डस्टी ऱ्होड्स, अख्खी अमेरिका ओळखत असलेला. पण २०१६ मध्ये मुलगा बाहेर पडला तेव्हा ‘कोडी ऱ्होड्स’चा ट्रेडमार्क कंपनीकडे. मग पठ्ठ्या चार वर्षं नुसता ‘कोडी’ म्हणून लढला आणि नाव परत मिळालं २०२० च्या अखेरीस. यातून शिकायचं एवढंच की जुनं इंडीचं, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांतलं, नाव असेल तर ते धूळ झटकून काढा, नसेल तर खऱ्या नावावर या, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात सोशल मीडियाच्या खात्यांची नावं बदलून घ्या. लाखो फॉलोअर असलेलं खातं आणि त्यावर दुसऱ्याच्या मालकीचं नाव, असा घोळ नको.

यादीतलं मुख्य कलम इथून पुढे. कुणाशी लढायचं हे ठरवा, आणि लोकांना सांगा. मे २०१६ मध्ये कोडीनं सुटका मागितली तेव्हा तो चेहरा रंगवून स्टारडस्ट नावाचं सोंग करत होता आणि त्यात पुरता अडकला होता. बाहेर पडून काही दिवसांत त्यानं ट्विटरवर एक यादी टाकली: कर्ट अँगल, यंग बक्स, अ‍ॅडम कोल, रॉडरिक स्ट्राँग, पीडब्ल्यूजी या छोट्या कंपनीची बॅटल ऑफ लॉस एंजेलिस ही स्पर्धा, असं बरंच काही. नुसती कामाची यादी. झालं काय, की त्या ९० दिवसांत त्याला कुणाला फोन करत बसावं लागलं नाही. प्रत्येक लहानमोठ्या प्रमोटरला, म्हणजे शो भरवणाऱ्याला, कळलं की याला काय विकत द्यायचं. ऑगस्टमध्ये मुदत संपताच इव्हॉल्व्ह ही छोटी कंपनी, मग कर्ट अँगल, मग पीडब्ल्यूजी, टीएनए, रिंग ऑफ ऑनर, आणि ४ जानेवारी २०१७ ला न्यू जपानचा टोकियो डोममधला शो. सहा महिन्यांच्या आत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मे २०१७ मध्ये डेव्ह मेल्ट्झर या पत्रकाराला कुणीतरी विचारलं की रिंग ऑफ ऑनर दहा हजार तिकिटं विकू शकेल का, तो म्हणाला इतक्यात तर नाही, आणि कोडीनं पैज घेतली. १ सप्टेंबर २०१८ रोजी शिकागोजवळच्या सीअर्स सेंटरमध्ये ‘ऑल इन’ हा शो झाला, तिकिटं अर्ध्या तासात संपली होती, आत ११,२६३ माणसं. त्या रात्री त्यानं निक ऑल्डिसला हरवून एनडब्ल्यूए या जुन्या संस्थेचा बेल्ट जिंकला, तोच बेल्ट जो बापानं तीनदा जिंकला होता. चार महिन्यांनी एईडब्ल्यूची घोषणा.

तरी मला विचाराल तर यादी शिकायची ती मॅट कार्डोनाकडून. कोडीकडे काही झालं तरी डस्टीची पुण्याई होती. कार्डोना म्हणजे झॅक रायडर, पंधरा वर्षं कंपनीत राहून बहुतेक काळ हरायला ठेवलेला, एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या कपातीत गेलेला. इंडीच्या कट्टर प्रेक्षकांना तो आवडणार नाही हे त्यानं ओळखलं आणि तीच गोष्ट विकायला काढली. जुलै २०२१, अटलांटिक सिटी, गेम चेंजर रेसलिंग. समोर निक गेज, म्हणजे डेथमॅचमधलं, काचा-तारांच्या रक्ताळ लढतींतलं, दैवत. रिंगभर फुटलेल्या ट्यूबलाइटच्या काचा, कार्डोनाची पाठ रक्तानं लाल, आणि जिंकला कोण तर हा टीव्हीवरचा गोरागोमटा! प्रेक्षकांनी हातात येईल ते, बाटल्या, ग्लास, कचरा, रिंगमध्ये भिरकावलं, आणि तो बेल्ट छातीशी धरून त्या कचऱ्यात उभा. त्या एका रात्रीनं त्याला पुढची कित्येक वर्षं पुरेल एवढं काम दिलं. तुमच्याबद्दल बाहेरच्या लोकांना काय खटकतं याचं प्रामाणिक उत्तर लिहून काढा. तेच बहुतेक तुमचं भांडवल आहे.

शरीराची तयारी वेगळी. आता कुणी म्हणेल, इतकी वर्षं लढलेल्या माणसाला काय शिकवता. पण डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग २० फुटी, बाहेर १८ किंवा १६ फुटीही मिळते. दोरीकडे धावताना पडणारी पावलं मोजून अंगात भिनलेली असतात. चार फूट कमी झाले की शेवटचं पाऊल अर्धवट पडतं आणि सगळा मेळ चुकतो. डब्ल्यूडब्ल्यूईची दोरी खरीच दोरी असते, वर टेप गुंडाळलेली. कित्येक ठिकाणी रबरी नळीत घातलेली लोखंडी केबल असते, ती पाठीला वेगळीच लागते. म्हणून शोच्या दिवशी लवकर जा आणि रिकाम्या रिंगमध्ये दोऱ्यांवर धावून बघा.

मेक्सिकोला जायचं असेल तर अजून एक गंमत. अमेरिकेत आणि जपानमध्ये हेडलॉक, हात पिरगाळणं, सगळं समोरच्याच्या डाव्या बाजूवर चालतं. मेक्सिकोत उजव्या बाजूवर. समोरचा लुचादोर, म्हणजे तिकडचा रेसलर, सवयीनं उजवा हात पुढे करणार आणि तुम्ही सवयीनं डावा पकडायला जाणार. हे घरी तालमीत उलटं करून घोटावं लागतं, विमानातून उतरून जमत नाही. जपानमध्ये प्रश्न निराळा. तिथं न्यू जपानच्या जी-वन क्लायमॅक्ससारखी साखळी स्पर्धा ऐन उन्हाळ्यात महिनाभर चालते. २०१९ मध्ये मॉक्सलीच्या वाट्याला साखळीतल्याच नऊ एकेरी लढती होत्या. टीव्हीवर जाहिरातीच्या ब्रेकमध्ये दम खायची सवय लागलेल्या माणसानं आधी दम वाढवावा. आणि मुख्य कॅमेरा कुठे आहे हे शोधणं सोडून द्यावं, शाळेच्या जिममध्ये चारही बाजूंना माणसं बसलेली असतात.

विम्याचं अवघड आहे. डब्ल्यूडब्ल्यूईचे रेसलरही कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदारच असतात, आरोग्यविमा ज्याचा त्यानं काढायचा. पण रिंगमध्ये लागलं तर उपचाराचा खर्च कंपनी उचलते. बाहेर बहुतेक ठिकाणी तेही नाही. मर्सिडीज मोने, म्हणजे आधीची साशा बँक्स, मे २०२३ मध्ये घोटा दुखावून बसली आणि पुन्हा लढली ती मे २०२४ मध्ये. तिची गोष्ट वेगळी, तिच्यामागे नाव आहे आणि पैसाही. तुमच्याकडे वर्षभर एकही लढत न करता घर चालेल एवढी शिल्लक आहे का? नसेल तर काचांच्या मॅचला हो म्हणण्याआधी विम्याचा हप्ता भरा. अमेरिकेत राहात असाल तर कराचा हप्ता दर तिमाहीला आपला आपण भरायचा असतो, त्याचेही पैसे वेगळे काढा.

व्हिसावर थोडक्यात: जपानला पैसे घेऊन लढायचं तर कलाकारांचा व्हिसा लागतो आणि त्याची कागदपत्रं तिकडच्या कंपनीनं आधी करावी लागतात. टूरिस्ट व्हिसावर जाऊन लढून येऊ, असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. भारतीय पासपोर्टवाल्यानं तर यासाठी महिने हातात ठेवावेत.

पैसे कुठून येतात? लढायच्या मानधनातून येतात त्याहून कित्येकदा टेबलावरून जास्त. लढतीआधी आणि मध्यंतरात हॉलच्या कडेला टेबल मांडून टी-शर्ट, सही केलेले फोटो, सोबत काढायचे फोटो विकायचे. शिकागोचं प्रो रेसलिंग टीज शर्ट छापून, पाठवून सगळं करतं, त्यामुळे घरात गोदाम करावं लागत नाही. पण टेबलावरचा माल स्वतःच वाहायचा असतो. सगळे साइज आणा, विशेषतः मोठे. सुटे पैसे ठेवा. आणि टेबलामागे तोंड पाडून फोनमध्ये बघत बसू नका, त्या माणसानं तिकीट काढलंय ते तुम्हाला जवळून बघायला.

आपल्या पुण्याचा संबंध इथेच सांगतो. टीएनएनं २०१२ मध्ये भारतासाठी ‘रिंग का किंग’ काढलं, कलर्सवर लागायचं, आणि त्याच्या लढती झाल्या बालेवाडीत. त्यात चावो गरेरो होता आणि बुलडॉग हार्ट नावानं हॅरी स्मिथ होता. दोघंही आदल्याच वर्षी डब्ल्यूडब्ल्यूईतून बाहेर पडलेले, आणि जोडीनं तिथले पहिले टॅग टीम चॅम्पियन. हो, पुढे ‘ऑल इन’मध्ये कोडीसमोर उभा राहिलेला निक ऑल्डिसही तेव्हा मॅग्नस म्हणून बालेवाडीत होता. झगमगाट मोठा, टीव्ही मोठा, आणि एका सीझननंतर दुकान बंद. त्यावरच भिस्त ठेवून बसला असता तर स्मिथ तिथंच थांबला असता. पण त्याच वर्षी तो न्यू जपानला गेला, तिथं डब्ल्यूडब्ल्यूईतूनच आलेला लान्स आर्चर भेटला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किलर एलिट स्क्वॉड म्हणून दोघांनी तिथले आयडब्ल्यूजीपी टॅग बेल्ट जिंकले. नव्या कंपनीचा करार आला तर जरूर करा, पण दुसऱ्या कुणाकडे लढायची मुभा त्यात लिहून घ्या.

परतीचा विचार आजच करू नका, पण वाट बंदही करू नका. ड्रू मॅकइंटायर आणि जिंदर महाल १२ जून २०१४ या एकाच दिवशी काढले गेले, त्याआधी दोघंही थ्री एमबी या विनोदी त्रिकुटात नाचत होते. मॅकइंटायर आपल्या खऱ्या गॅलोवे या नावानं ग्लासगोच्या आयसीडब्ल्यू या छोट्या कंपनीपासून इव्हॉल्व्ह, टीएनएपर्यंत सगळीकडे चॅम्पियन झाला, २०१७ मध्ये परतला आणि २०२० च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, ब्रॉक लेस्नरला हरवून बसला, तेही कोरोनामुळे रिकाम्या हॉलमध्ये. जिंदरनं त्याच्या आधीच, मे २०१७ मध्ये, रँडी ऑर्टनकडून मुख्य बेल्ट घेतला होता. कोडीही २०२२ मध्ये परतला आणि दोन वर्षांनी रोमन रेन्सला हरवून मोकळा झाला. म्हणून बाहेर असताना जुन्या मालकाचा उद्धार करण्यात वेळ घालवू नका.

शेवटचं, आणि हे घरातल्यांसमोर बसून करायचं काम आहे. पुढच्या सहा महिन्यांचं कॅलेंडर काढा, कुठल्या शनिवार-रविवारी कुठे आहात ते लिहा, प्रत्येक तारखेपुढे विमानाचं तिकीट कोण काढणार, हॉटेल कोणाचं आणि आगाऊ रक्कम खात्यात आली की नाही हे लिहा. आगाऊ रक्कम आली नसेल तर ती तारीख पेन्सिलनंच लिहा.