जुनी लष्करी रायफल: ओळखावी कशी, राखावी कशी

रायफल हातात आली की आधी बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढा, मॅगझिन रिकामं करा आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी, नजरेबरोबर करंगळीही घालून पाहा. काडतूस नाही याची खात्री पटल्यावरच पुढचं काम. परवान्याचे नियमही आधीच बघून घ्या.

ओळख पटते ती ठशांवरून. लाकडावर विसंबू नका, ते बहुधा कधीतरी बदललेलं असतं. १९०७ पासूनच्या ब्रिटिश ली-एनफील्ड मार्क ३ रायफलीत दस्ता जिथे सुरू होतो तिथल्या पोलादी कड्यावर, उजव्या अंगाला, मुकुट, कारखाना आणि साल असतं; बंगालमधल्या ईशापूर कारखान्याचं नावही तिथेच सापडतं. सोव्हिएत मोसिन-नागां रायफलीच्या नळीच्या मागच्या टोकाला ताऱ्यात बाण दिसला तर ती रशियातल्या तुला शहरातल्या कारखान्याची, त्रिकोणात बाण असेल तर इझेव्स्क शहरातल्या कारखान्याची. मग बोल्ट आणि नळीवरचे क्रमांक जुळतात का पाहा. जुळत नसतील तर जाणकार गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमधलं काडतूस यांच्यातलं अंतर, तपासून घेतल्याशिवाय गोळी झाडू नये. जुळत असले तरी तपासणी टाळण्यात शहाणपण नाही.

साठवणीचं घट्ट ग्रीस मिनरल टर्पेंटाइनने निघतं, मात्र हवेशीर जागी आणि आगीपासून दूर.

सगळ्यात जास्त नळ्या वाया जातात त्या जुन्या काडतुसांमुळे. त्यांच्या प्रायमरमधलं (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतलं) पोटॅशियम क्लोरेट जळून मागे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक क्षारच, उरतो. तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळी गंजते. तेलात तो विरघळत नाही. म्हणून नुसतं तेल फिरवून निश्चिंत होणाऱ्याच्या नळीत गंज आत चालूच राहतो. त्याच दिवशी चेंबरकडून गरम पाणी ओता. बोल्टचं तोंडही धुवा. चिंध्या कोऱ्या निघेपर्यंत नळी पुसा, पूर्ण कोरडी करा, मगच तेलाचा पातळ हात द्या. नळी साफ करायचा गज शक्यतो चेंबरकडूनच घाला. पुढून घातला तर नळीच्या तोंडाची कड झिजते आणि नेम बिघडतो.

लाकडाला पॉलिश पेपर अजिबात लावू नका. घासून गुळगुळीत केलेल्या दस्त्यावर तपासनिसांचे शिक्के उरत नाहीत, आणि ते पुन्हा आणता येत नाहीत. कच्च्या जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळले की पुरे. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो, पसरून वाळवा.

रायफल कापडी किंवा चामडी खोळीत ठेवू नका, दमट हवा आत कोंडते. कुलूपबंद, कोरड्या कपाटात, काडतुसांपासून वेगळी ठेवा.