जुनं सभागृह आपल्याच हातांनी कसं सांभाळावं

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये अजूनही काही जुनी सभागृहं, देवळं, वाचनालयं उभी आहेत. तिथेच गणपती बसतो, तिथेच हळदीकुंकू होतं. ती टिकवायला पैशांआधी माणसं लागतात. आठवड्याला दोन तास देणारी पाच-सहा जण असली की सुरुवात होते.

आधी मालकी बघा. वास्तू सार्वजनिक न्यासाची असेल तर तिची नोंद मध्य प्रदेश लोक न्यास अधिनियम, १९५१ खाली असते. विश्वस्तांकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. वास्तू संरक्षित असेल, किंवा केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून ३०० मीटरच्या आत असेल, तर दुरुस्तीलाही सरकारी परवानगी लागते.

मग भर पावसात छत्री घेऊन वास्तू फिरा. कोरड्या दिवसात तिचं दुखणं दिसत नाही. गळतंय तिथे खडूने गोल काढून तारीख लिहा. जुन्या इमारतीच्या बहुतेक दुखण्यांच्या मुळाशी पाणीच असतं. म्हणून मे महिन्यातच फुटके कवेलू (कौलं) बदला, आणि पन्हाळीतला पाचोळा, कबुतरांची घाण काढा. एवढ्यानेच निम्मं काम होतं. भिंतीतलं पिंपळाचं रोप मात्र हिसकून उपटू नका, मुळाबरोबर दगड-विटाही हलतात. रोप कापा, पुन्हा फुटलं की पुन्हा कापा. मूळ जाड झालं असेल तर मिस्त्रीकडून सांधा उकलून ते काढा आणि सांधा चुन्याने भरा.

चुन्यानेच, सिमेंटने नाही. आमच्या सभागृहाच्या मागच्या भिंतीला ओल होती, म्हणून एका ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा चढवला. दोन पावसाळ्यांत ओल गुडघ्यावरून छातीपर्यंत चढली. गिलावा खरवडला तर मागची वीट बोटाने चुरगळत होती. मला ते बघवलं नाही. चुन्याची भिंत आत शिरलेलं पाणी हळूहळू बाहेर सोडते. सिमेंट तेच पाणी कोंडतं, आणि क्षार विटेच्या पोटात साचून ती पोखरतात.

चुन्याचं काम शिकता येतं. कळीचा चुना पाण्यात हळूहळू सोडा, चुन्यावर पाणी कधी ओतू नका. तो उकळून उडतो, म्हणून चष्मा-हातमोजे घालायचेच आणि मुलांना लांब ठेवायचं. दोन-तीन आठवडे तो पाण्याखाली मुरू द्या, लोण्यासारखा मऊ होतो. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. वाळूतला थोडा हिस्सा सुरखीचा, म्हणजे विटांच्या भुकटीचा. जुने मिस्त्री यात गूळ आणि बेलफळाचं पाणीही घालतात. असा मिस्त्री भेटला तर त्याच्या हाताखाली आपली दोन पोरं लावाच, ही कला आता फार थोड्यांकडे उरली आहे. आधी हातभर जागेवर करून बघा. ताजा गिलावा उन्हाने सुकू देऊ नका, आठ-दहा दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा.

लाकूड पेचकसाने (स्क्रू-ड्रायव्हरने) टोचून बघा, विशेषतः तुळयांची भिंतीत गेलेली टोकं. पेचकस सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा पोखरलंय, आणि मातीच्या बारीक नळ्या दिसल्या की वाळवी लागली समजा. जुन्या वायरी तर आधी बदला. राजवाड्याचे वरचे चार मजले लाकडाचे, आणि १९८४ च्या आगीने त्या वास्तूचं काय केलं ते या शहराने पाहिलं आहे. समईजवळ वाळूची बादली हवी.

एक वही ठेवा. कोण आलं, काय केलं, आणि दर महिन्याला त्याच जागेवरून काढलेला फोटो. भिंतीच्या मोठ्या चिरेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवून तारीख टाका. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. अशा वेळी गिलावा करून चीर झाकू नका. त्या खोलीला कुलूप लावा, आणि जुन्या बांधकामाची जाण असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.